पूल मुका झाला

शाळेत मी फार टिकलो नाही. तीही तमिळ शाळा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडचे मराठी, पण मराठी अक्षरं वडिलांनी घरी, भजनाच्या वहीवरून शिकवली. पण आमच्या हॉल्टविषयी मला शिकवायला कोणी येऊ नये. माझा सगळा जन्म त्याच्यासमोर गेला आहे.

कुंभकोणम आणि पापनाशम् यांच्या मधला हा हॉल्ट. एक फलाट, वर पत्रा, आणि एक खिडकी. खिडकीत बसणारा रेल्वेचा नोकर नव्हे, कमिशनवर तिकिटं विकणारा. सकाळची पॅसेंजर कुंभकोणमला नेते, संध्याकाळची परत आणते. शिक्षिका, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेले म्हातारे, आणि विड्याच्या पानांची टोपली घेऊन माझी बायको. एक्सप्रेस आमच्याकडे बघतही नाही, धूळ उडवून जाते.

आधी छोटी लाईन होती, कोळशाचं इंजिन होतं. मग डिझेल आलं. मग छोटी लाईन उखडून मोठी टाकली, तोवर आम्ही बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली. आता वर तारा आल्या, विजेचं इंजिन आलं. सुधारणा झाली, मी नाही म्हणत नाही.

आमची गल्ली रुळांच्या अलीकडे, फलाट पलीकडे. पूर्वी तिथं फाटक होतं, फाटकासाठी ड्रायव्हर शिट्टी मारी. फाटक काढून रस्ता रुळांखालून नेला. त्यात बारा महिने गुडघाभर पाणी. तेव्हा सगळे रुळांवरूनच जातात. गाडी येते ती वळणाआडून, आणि वळणावर बांबूचं बेट. दिसली तेव्हा ती अंगावर आलेलीच असते. म्हणून आमच्या गल्लीनं गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. कानांनी पाहिली.

वळणाच्या मागं नदीवर लोखंडी पूल होता. गाडी त्यावर चढली की गडगडाट थेट आमच्या स्वयंपाकघरात येई. तिथून हॉल्टपर्यंत गाडी येईतो चपला घालाव्या, टोपली उचलावी, सावकाश रूळ ओलांडावे, इतका वेळ. म्हणून त्या घटकेला गल्लीत कोणी आवाज करायचा नाही, असा रिवाज. मिक्सर बंद, टीव्ही बंद. फोडणी द्यायची असली तरी बाया थांबत. सगळे कान नदीकडे.

समोरच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, माझा मेहुणा बसे. बायकोचा थोरला भाऊ. शेजारच्या मरुदानल्लूर गावच्या भजनात तो मृदंग धरतो आणि आपल्या कानांचा त्याला भारी गर्व. पॅसेंजर पुलावर ठेका धरून येते, एक्सप्रेस सलग गडगडते, हे तोच सांगणार. एक्सप्रेस असली तर हात आडवा करी. पॅसेंजर असली तर म्हणे, "बोलला." पूल बोलला. की गल्ली निघाली, सगळ्यांच्या पुढं तो.

मग लोखंडी पूल काढला. नवा सिमेंटचा बांधला. तितके दिवस गाड्या बंद. परत सुरू झाल्या त्या पहिल्या सकाळी आम्ही रिवाजाप्रमाणे गप्प बसलो. मी कान लावला. काही नाही. बायको पानांवर ओलं फडकं घालत होती.

"काय?" ती म्हणाली.

"काय नाही."

इतक्यात समोरून मेहुण्याचा आवाज आला. "बोलला."

बायको उठली. मी आमच्या तिण्णैवर बसून राहिलो. माझ्या वडिलांचे कान याच वयात गेले होते. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्यावरच हसत असू. माझ्यावर कोणी हसलेलं मला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मेहुणा "बोलला" म्हणे आणि मी मान हलवून म्हणे, "हो, बोलला."

मग गल्लीतलं एक कुत्रं गाडीखाली कापलं गेलं. कुत्र्याला कसं कळलं नाही, म्हणून लोक नवल करू लागले. मग कोणाची शेळी गेली. माणसं रुळांवर असतानाच गाडी वळणावर दिसू लागली. पदर सावरत बाया पळत, फलाटावर चढून हसत. "ड्रायव्हर नवा दिसतो, घाईत आहे," म्हणत. मी इकडून बघे. रोज त्यांचं हसणं जरा उशिरा सुरू होई.

एके दिवशी मेहुणा म्हणाला, "बोलला," आणि बायको टोपली घेऊन निघाली. दोन्ही रुळांच्या मध्ये असताना बांबूंवरचे बगळे एकदम उठले. त्यांच्या खालून एक्सप्रेस आली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गाडी मध्ये आली आणि डबे संपता संपेनात. संपले तेव्हा ती पलीकडे फलाटाला पाठ लावून उभी होती. टोपली नव्हती. पानं खडीवर लांबपर्यंत पसरली होती, कोवळी, हिरवी.

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "एक्सप्रेस होती. तुला कळलं कसं नाही?"

"अण्णा 'बोलला' म्हणाला."

"अण्णा म्हणाला. तुला ऐकू आला का पूल?"

ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "तुम्हांला आला?"

"मी विचारतो आहे."

"मला नवा पूल झाल्यापासून एकदाही आला नाही," ती म्हणाली. "वाटलं, वय झालं. तुम्हांला सांगितलं असतं तर मला बाजाराला पाठवलं नसतंत."

मी हात धुतले.

दुसऱ्या सकाळी बांधावरून चालत नदीवर गेलो आणि पुलाखाली उभा राहिलो. पलीकडच्या घाटावर धोबी कपडे आपटत होता, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. पाण्यात बेडूक उडी मारी, तेही. मग डोक्यावरून गाडी गेली. खांब नुसता थरथरला. सुपातून तांदूळ पाखडावे तेवढा आवाज झाला, आणि तोही दहा पावलं मागं सरकलो तर नाही. माझे कान शाबूत होते. तिचेही. पूल मुका झाला होता. आणि मेहुणा रोज त्याच्या वतीनं बोलत होता.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोनं तोंडावर पदर घेतला. "अण्णा सगळ्यांच्या पुढं चालतो हो," म्हणाली.

त्याला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. तो मृदंगाच्या तोंडावरची काळी शाई चाचपत होता. "भावोजी," म्हणाला, "तुमचे कान पानांच्या टोपलीत राहिले. माझे जागेवर आहेत."

"तू पुलाखाली चल माझ्याबरोबर."

"मृदंग वाजवणाऱ्यानं पूल ऐकायला पुलाखाली जावं? उद्या भजनातले लोक काय म्हणतील?"

मग एकच उरलं. पुढच्या सकाळी गल्ली गप्प झाली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मेहुणा "बोलला" म्हणाला, पायऱ्या उतरला, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "मला ऐकू आला नाही. इतके दिवस हो म्हणत होतो, पण नवा पूल मला कधीच ऐकू आला नाही. कोणाला आला?"

 मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. मग माझ्या मागून बायको म्हणाली, "मलाही नाही." शेजारच्या शिक्षिकेनं पिशवी खाली ठेवली. "आजोबा, मला वाटलं मलाच..." तिच्यामागं आणखी एकीनं ठेवली.

"बहिऱ्यांची गल्ली!" मेहुणा हसला. "राहा बसून. गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही."

बायको धावली, त्याच्या हाताला धरलं. "अण्णा, तुला माझी शपथ."

त्यानं हात सोडवला. उपरणं खांद्यावर टाकलं आणि खडी चढला. मान ताठ. बांबूंकडे एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कानांवर भरवसा नाही असं झालं असतं. दोन्ही रुळांच्या मध्ये तर तो मुद्दाम थांबला, आमच्याकडे तोंड करून, चपलेतला खडा काढायला. एक हात आमच्याकडे उंचावून, जणू भजनात सम दाखवतो आहे.

मग पलीकडे चढला. गाडी त्याच्यानंतर आली. पॅसेंजरच होती, थांबली. डब्याच्या खिडकीतून तो ओरडला, "पाहिलंत?"

गल्लीतल्या त्या दोघींनी खाली ठेवलेल्या पिशव्या परत उचलल्या. बायकोनं टोपली नाही उचलली. ती आता बसनं जाते, रोज सकाळी दार लावून घेते, आणि समोरून "बोलला" ऐकू येऊ नये म्हणून मिक्सर सुरू करते.