शांताबाईंनी ठरवलेला डोस

नेकनूरच्या माझ्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती, तेव्हा शांताबाईंच्या सुनेचा फोन आला. ‘‘डॉक्टरसाहेब, आत्याबाई गेल्या... झोपेतच.’’ मी पहिलं हेच विचारलं, दम लागला होता का? ‘‘न्हाई साहेब. दम न्हाई लागला.’’ महिना झाला, तरी ते वाक्य मनातून जात नाही.

शांताबाई बायकांच्या दूध संस्थेत मशीनवर दुधाची फॅट मोजायच्या. दुष्काळात संस्थेचं केंद्र चारा छावणीवर हललं आणि कडब्याच्या धुळीनं त्यांचा जुना दमा उसळला. मी स्टिरॉइडचा पंप दिला. महिन्यानं डोस वाढवला, पुढच्या महिन्यात आणखी वाढवला. दम हटेना, उलट घसा बसला, जिभेवर पांढरा थर आला. दूध घालणाऱ्या बायकांना नावानं पुकारणाऱ्या शांताबाई हातानं खुणा करू लागल्या.

तिसऱ्यांदा मी पेन उचललं, तेव्हा त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘‘कावून वाढवता, साहेब? आमच्याकडं दुधाला फॅट कमी लागली तर आमी आधी मशीन तपासतो, म्हशीला लगेच बोल न्हाई लावत. मी पंप कसा घेते, ते तुमी कधी बघितलं का?’’

नव्हतं बघितलं. त्यांनी माझ्यासमोर पंप दाबला आणि मग, जरा थांबून, श्वास ओढला. औषध सगळं घशातच राहत होतं... आणि मी चिठ्ठीवर आकडे वाढवत बसलो होतो. फार लाज वाटली. पंपाला जोडायची नळी दिली, दाबणं आणि ओढणं शिकवलं, नंतर चूळ भरायला सांगितलं. काही आठवड्यांत छातीतली शिट्टी थांबली.

तीन महिन्यांनी त्याच म्हणाल्या, ‘‘आता उतरवा.’’ छावणी अजून उठली नव्हती, मी घाबरत होतो. तरी पायरीपायरीनं निम्म्यावर आलो. त्याखाली गेलो, तसा खोकला परतला. त्या स्वतःहून आल्या. ‘‘एक पायरी वर घ्या. माझं माप तिथंच हाय.’’ बरं वाटतंय तर पंप सोडून दे, म्हणणाऱ्या शेजारणींना त्या ठणकावायच्या, ‘‘बरं वाटतंय ते त्याच्यामुळंच!’’ त्या मापावर त्या पुढं कित्येक वर्षं लई सुखानं राहिल्या. आवाज तर रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

गेल्या सोमवारी पालीहून एक काका आले. औषधाचा गुण येत नाही म्हणाले. डोस वाढवायला हात गेला... आणि थांबला. ‘‘काका, पंप घेऊन दाखवा बरं.’’

त्यांनी ऐटीत पंप तोंडाला लावला आणि दाबला. टोपण तसंच होतं.

मी हसलो नाही. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.