कुंकवाचा ठपका

आमची द्राक्षं परदेशी पाठवणारा व्यापारी स्वतःला एक्स्पोर्टर म्हणवून घ्यायचा. मळ्यात आला की बुटांना माती लागू नये म्हणून बांधाबांधाने चालायचा आणि मण्यांची जाडी प्लॅस्टिकची कडी लावून मोजायचा. कडीतून मणी घसरला की आमच्याकडे असं बघायचा, जणू आम्हीच नापास झालोय. नव्वदनंतर दिंडोरीकडच्या आमच्या गावात असे बरेच जण उगवले होते. मी तेव्हा सातपूरला कारखान्यात होतो, रजा टाकून द्राक्षाच्या खुड्याला यायचो. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

माल तिकडे विकला गेला की मगच भाव कळणार, असा त्याचा करार. धोका सगळा आमचा, कमिशन मात्र त्याचं. यावर गावातल्या शहाण्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या मालाला हळदकुंकू लावायची आमच्याकडे रीत. पेट्या भरताना एक्स्पोर्टरची पाठ वळली तशी आईने पहिल्या पेटीतल्या वरच्या घडाला कुंकवाचं बोट टेकवलं. पेटी बंद झाली, कंटेनर गेला.

महिन्याभराने एक्स्पोर्टर फॅक्सचा कागद नाचवत आला. मालात लाल पूड सापडली म्हणे, तिकडच्या लोकांनी माल नाकारला. कंटेनरमध्ये गावातल्या बऱ्याच जणांच्या पेट्या होत्या. सगळे आईवर उखडले. वडील चारचौघांत म्हणाले, "बायकांना अक्कल नसती." त्यानंतर आई किराणा आणायलासुद्धा दुकान रिकामं बघून जायची.

पुढे सातपूरच्या टपरीवर माझ्या पाळीतल्या एकाचे काका भेटले. सटाण्याकडचे बागायतदार, त्यांचाही एक्स्पोर्टर हाच. त्यांनाही त्याच आठवड्यात फॅक्स आला होता. त्यांच्या मालात केस निघाला होता, शेजाऱ्याच्या मालात माशी. काका हसून अहिराणीत म्हणाले, "बाजारच पडेल शे, भाऊ!"

त्यांनी सांगितलं, दुसऱ्या देशांची द्राक्षांची जहाजं त्याच आठवड्यात तिकडे लागली होती. भाव कोसळला होता आणि आमचा माल कुणालाच उचलायचा नव्हता. मग ज्याच्या पेटीत जे दिसलं, ते कारण. कुंकू नसतं, तर घडाचा देठ वाळलेला निघाला असता.

मी तडक गावी गेलो. वडील ओट्यावर होते. "आईचा काही दोष नव्हता, गावाला सांगा," म्हणालो.

वडिलांनी रस्त्याकडे नजर टाकली. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला ठावं हाय. गावातबी लय जणांना ठावं हाय. पण त्याला खोटं पाडलं तर पुढच्या साली माल कुणाला द्यायचा? तसा भाव हितं कोण देतंय?"

एक्स्पोर्टरचा मला नुसता राग होता. या माणसांची किळस आली. परक्यापुढे शेपूट घालायची आणि घरच्या बाईला धुवायचं, याला ते व्यवहार म्हणत होते.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप वडिलांपुढे ठेवून ती म्हणाली, "मग मला तरी सांगायचं व्हतं."