पायाच्या अंगठ्याचं कुलूप

आमच्या कंपनीत निम्म्या लोकांकडे एकच फोन होता. म्हणजे मॉडेल एकच. दिवाळीच्या आधी एकाने घेतला, त्याचं बघून दुसऱ्याने, आणि संक्रांतीपर्यंत कँटीनच्या टेबलावर सगळे सारखेच काळ्या पाठीचे फोन पालथे पडलेले. कुणाचा कुठला ते कव्हरवरून ओळखायचं. दिसायला देखणा, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इअरफोनची वायर खुपसायला भोक नाही. रेडिओ नाही. दुसरं सिम घातलं की मेमरी कार्डाला जागा नाही, कार्ड घातलं की सिम बाहेर. जुन्या फोनात होत्या त्या सोयी एकेक करून काढून घ्यायच्या आणि वर त्यालाच नवा फोन म्हणायचं, ह्याचा मला आजही संताप येतो.

मी चाकणला एका कारखान्यात मशीन सेटर आहे. मशीन बिघडलं तरी लाइन थांबता कामा नये, हे एवढंच आम्हाला एकोणीस वर्षं शिकवलं. पार्ट येईपर्यंत पट्टी लाव, तार बांध, पाचर ठोक, पण माल निघाला पाहिजे. तीच खोड मला फोनच्या बाबतीतही लागली. कुणाचे फोटो कार्डावर जाईनात, कुणाचं बोलणं रेकॉर्ड होईना, की आले माझ्याकडे. मी जेवता जेवता काहीतरी पळवाट काढून द्यायचो. लोक मला डॉक्टर म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरी माझं कुणी ऐकत नाही आणि मशीनवर साहेबाचं ऐकावं लागतं. त्या अर्ध्या तासात माझा शब्द चालायचा.

सगळ्यात जास्त पेशंट बोटांचे. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे ओतीव पार्ट येतात. त्यांच्या कडांना राहिलेली धार कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून काढायची, असा एक विभाग आहे. मोजे घालून कड हाताला कळत नाही, म्हणून तिथले लोक मोज्यांची टोकं कापून उघड्या बोटांनी चाचपत काम करतात. वरून मशीनचं ते दुधासारखं तेलकट पाणी. दोन-तीन वर्षांत बोटांवरच्या रेघा गुळगुळीत होऊन जातात. हजेरीचं बोटाचं मशीनसुद्धा ह्या लोकांना ओळखेना, शेवटी कंपनीने तोंड बघणारं मशीन बसवलं. फोन मात्र बोटच मागणार.

त्या विभागात एक मामा होते. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. चाकणच्या पुढे त्यांचं गाव, थोडी शेती, दोन म्हशी आणि उरलेला जन्म पहिल्या शिफ्टला. पन्नाशी उलटलेली, कमी बोलायचे, पण बोलले की टोचून बोलायचे. एक दिवस त्यांनी फोन माझ्या ताटाशेजारी आपटला.

"डॉक्टर, ह्यो मला वळखत न्हाई. माझ्याच पैशाचा आन् मलाच न्हाई म्हन्तो. सासुरवाडीला बी एवढा अपमान झाला न्हवता राव."

मी डाव्या हाताची करंगळी नोंदवून दिली. आठ दिवस चालली, मग तीही गेली. तोंड दाखवून उघडावा, तर गेटवर सिक्युरिटीवाले पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवतात. राहता राहिला सहा आकड्यांचा नंबर. तो त्यांच्या मुलीने घालून दिला होता आणि मामांच्या काही तो लक्षात राहीना. "म्हशीचं दूध किती तेवढंच ध्यानात ऱ्हातं," म्हणाले.

मी गमतीत म्हणालो, "मामा, आता एकच जागा उरली जिथं कानस पोचत नाही. पायाचा अंगठा लावा."

टेबल हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून सेफ्टी बूट काढला, मोजा काढला आणि विचारलं, "उजवा का डावा?"

उजवा. नवं बोट नोंदवायचं म्हणून मुलीने त्या दिवशी पेनाने मनगटावर लिहून दिलेला नंबर मामांनीच टाकला, मग मी फोन खाली धरला, त्यांनी बाजूच्या बटणावर अंगठा टेकवला. सात-आठ वेळा टेकवल्यावर नोंद झाली आणि मग पहिल्या फटक्यात फोन उघडला. काय तो गोंधळ! कुणी शिट्ट्या वाजवल्या, कुणी मामांच्या पाया पडायला गेलं. पंधरा दिवसांत त्या विभागातल्या सात-आठ जणांनी माझ्याकडून अंगठे नोंदवून घेतले. कंपनीच्या बसमध्ये एक पाय उघडा टाकून बसलेली माणसं दिसायला लागली. कुणाचा फोन वाजला की मागून आवाज यायचा, "भावा, आधी पाय धू, मग बोल."

मामांना मात्र खरंच आनंद झाला होता. तीन-चार दिवसांतून एकदा फोन तो नंबर मागायचाच, तेव्हा मुलगी घरी घालून द्यायची. बाकी अंगठ्यावर भागायचं. फोन कायम मुका ठेवलेला, कारण कारखान्यात आवाज चालत नाही आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा चालू कोण करत बसणार? घरच्यांनाही ठाऊक होतं, ह्यांना फोन लावून उपयोग नाही, ते करतील तेव्हाच बोलायचं.

मग त्यांना गाणी ऐकायची लहर आली. रानात मोटर चालू करून बसलं की कानात घालायला जुना वायरचा इअरफोन होता. नव्या फोनात भोक नाही. त्यालाही माझ्याकडे औषध होतं. चार्जिंगच्या जागी लावायची एक शेपटी मिळते, तिच्या टोकाला भोक असतं. ती साधी घेतली तर ह्या फोनला चालत नाही, चिपवाली लागते. पिंपरीत कॅम्पातल्या बाजारात नक्की मिळते. मामा म्हणाले, "गुरवारी सुट्टी हाय. तुमी ऱ्हाटनीलाच ऱ्हाताय, या की संगं. मला त्यातलं काय कळतंय?"

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मी म्हणालो, गुरुवारी मी झोपणार आहे. दुकान कुठलं ते सांगतो, दुकानदाराला फोन दाखवा, तो देईल. उंटावरून शेळ्या हाकायची सवयच लागली होती मला. रहाटणीहून कॅम्प किती लांब? गाडीवर पंधरा मिनिटं. गेलो असतो तर काय झिजलो असतो?

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मी झोपून उठलो, चहा घेतला आणि शेपटी मिळाली का विचारायला त्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मी मनात चार शिव्या घातल्या, ह्या माणसाने फोन घेतलाच कशाला म्हणून. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणी तरी उचलला. आवाज मामांचा नव्हता.

"हॅलो, कोण? तुम्ही ह्यांचे कोण?"

कॅम्पाजवळच्या एका दवाखान्यातला वॉर्डबॉय होता. टेबलावर पिशवीत ठेवलेला फोन लुकलुकताना त्याला जाता जाता दिसला. मामा बाराच्या आसपास दुकानांच्या रांगेत छातीला हात लावून खाली बसले होते. चांगल्या माणसांनी रिक्षात घालून आणलं. तेव्हापासून ते बेशुद्ध होते आणि त्यांच्या केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' लिहिलेलं होतं. सुट्टीचा दिवस, गळ्यात कंपनीचं कार्ड नाही. खिशात बसचं तिकीट, थोडे पैसे, रुमाल आणि हा फोन.

मी पोचलो. नाकात नळी, तोंडावर मास्क. मामा एवढे लहान कधी दिसले नव्हते. डॉक्टरीण तरुण होती, तिने एका दमात विचारलं, "ह्यांना बीपी आहे? शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत? आधी काही त्रास झाला होता?" ह्या माणसाचा फोन कुठल्या बोटाने उघडतो ते मला माहीत होतं, गोळी कुठली घेतो ते नव्हतं. ती म्हणाली, घरच्यांना लगेच विचारा.

घरच्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो मामांच्या फोनात. वॉर्डबॉय म्हणाला, "आम्ही ह्यांची दहाच्या दहा बोटं लावून बघितली हो. मी लावली, सिस्टरने लावली, रिक्षावाल्याने तर पुसून पुसून लावली. उघडतच नाही."

"बोटाने नाही उघडत तो," मी म्हणालो.

मी मामांच्या पायावरची चादर बाजूला केली. पाय थंड होता. मी अंगठा हातात धरला, शर्टाला पुसला आणि फोनचं बटण त्याला टेकवलं. फोन थरथरला आणि पडद्यावर ओळ आली. खूप वेळा चुकीचा प्रयत्न झाला आहे, आता नंबर टाका. पुन्हा टेकवला. तीच ओळ. बिचाऱ्यांनी चार तास इतकी बोटं लावली होती की आता अंगठ्यालाही तो दाद देईना. मला तिथेच रडू फुटलं. वॉर्डबॉयला वाटलं मी मुलगा आहे.

मग पळापळ. कंपनीचं ऑफिस बंद. सुपरवायझर फोन उचलेना, गुरुवार. शेवटी आमच्यातला एक जण मामांच्या शेजारच्या गावचा निघाला. तो म्हणाला, नंबर नाही माझ्याकडे, पण गाडी काढतो, घर माहीत आहे. तो घरी पोचला तेव्हा साडेपाच वाजले होते. मामी आणि मुलगी त्याच्याच मोटरसायकलवर ट्रिपल सीट निघाल्या. गोळ्यांची पाकिटं मुलीने त्याच्या फोनवरून वाचून दाखवली आणि मी ती डॉक्टरणीला सांगितली. तिने मान हलवली, पण ते नुसतं ऐकून घेणं होतं. चाकणपासून मोशीपर्यंत कंपन्यांच्या गाड्या आणि ट्रक कसे अडकून पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, कुठे पोचलात, आणि तो सांगत होता, इथंच आहे अजून.

मामा सव्वासहाला गेले. मी बाजूला होतो. मी त्यांचा कोण? कुणीच नाही. मामी पोचल्या तेव्हा सात वाजून गेले होते.

नंतर घरी मी माझा फोन काढून बसलो. सेटिंगमध्ये एक जागा आहे. तिथे घरच्या माणसाचा नंबर, रक्तगट, गोळ्या लिहून ठेवल्या की कुलूप न उघडता कुणालाही दिसतात. मी ती जागा शंभर वेळा बघितली असेल, बोटाने वर सरकवून पुढे गेलो असेन. ह्या फोनात काय काय नाही ह्याचा पाढा मला तोंडपाठ होता. जे होतं ते कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी ज्यांचे ज्यांचे अंगठे नोंदवले होते त्या सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि तिथे घरचे नंबर भरून दिले. कुणी डॉक्टर म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं.

दहाव्याला आम्ही सगळे गावी गेलो. घाटावरून परत आल्यावर मामींनी मला आत बोलावलं. जमिनीवर बसल्या होत्या, बाजूला मुलगी. मामांचा फोन कोनाड्यात चार्जिंगला लावून ठेवला होता, कशासाठी कोण जाणे.

"भाऊ, तुमी शेवटाला जवळ हुता, लई उपकार झालं," मामी म्हणाल्या. "पर मला येक सांगा. ते बारालाच पडलं म्हन्त्यात. मग आमाला साडेपाचपातुर कळलं कसं न्हाई? कुनीच फोन लावला न्हाई का?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर पायापासून सांगावं लागलं असतं, कँटीनमधल्या हसण्यापासून. माझ्याने होईना.

"लावत होते मामी," मी म्हणालो. "लागत नव्हता. रेंज नव्हती."

मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "व्हय रं देवा. मी दुपारभर घरातला येकुलता फोन घिऊन गोठ्यात हुते, शेन काढीत. तितं न्हाई रेंज येत. हे कवापास्नं म्हनायचं, फोन वसरीत ठिवत जा म्हून." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "बाय, माझ्यामुळं गं. माझ्याच चुकीनं ऱ्हायलं तुज्या बापाला बघायचं."

मुलीने त्यांचे हात धरले. मी तिथेच बसून होतो, बोलायला हवं होतं, आणि बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.