हौदातले मासे तोंड वर काढतात तेव्हा

पलीकडच्या वैनींनी चैत्राच्या उन्हात स्वतःच्या कुलरची मोटर काढून माझ्या हातात दिली, हे आधी लिहून ठेवते. बाकीचं मागून. कारण बाकीचं सांगायला लागले की माझं मन इकडून तिकडे धावतं आणि ज्यांचं आधी सांगायचं ते राहूनच जातात. त्यांचं नाव लिहिणार नाही, त्यांना आवडायचं नाही ते. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. आमच्या शेटजींच्या आवाराच्या भिंतीला लागून त्यांचं घर. वाशिमकडच्या या अख्ख्या रिसोडात मला रोज भिंतीवरून हाक मारणारं तेवढं एकच माणूस.

मी समुद्राकडची. रायगडच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. आठवीत शाळा सुटली ती आईच्या टोपलीजवळ बाजारात बसायला. मासा म्हटला की तो धुवायचा, खवलं काढायची, तुकडे करायचे, एवढंच मला ठाऊक. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ते काम बसलं आणि कुणाच्या तरी ओळखीनं तो इथं सोयाबीनच्या गोदामात चाळणी मशीनवर लागला. गोदामाच्या शेटजींनी आपल्या घरामागच्या अंगणातली खोली दिली. अट एकच होती, आणि तीही काकूंनी, म्हणजे शेटजींच्या बायकोनं, हसत हसत सांगितली, "इथं तसलं काही शिजवायचं नाही हं." मी मान हलवली. तसलं म्हणजे काय ते त्यांनी उच्चारलं नाही. आमचे घरचे लोक काय करतात, हेही पुढं कधी विचारलं नाही. मी आपणहून कशाला सांगतेय!

खोलीच्या दारासमोरच हौद. चांगला कमरेएवढा खोल, वर कडुनिंबाची सावली. त्यात काही रंगीत मासे आणि बाकी सगळे रोहू. जैनांच्या घरात रोहू कसे, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. ते काकूंनी सोडवून आणलेले. बाजारात पाटीतल्या पाण्यात जिवंत वळवळणारे दिसले की त्या विकत घ्यायच्या आणि घरी आणून हौदात सोडायच्या. "सुरीखालून काढलेत मी एकेकाला," असं सांगायच्या पाहुण्यांना. त्यांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय काकू सकाळी स्वतः काही तोंडात घालत नसत. दिवाळीनंतर त्यांचे गुडघे धरले आणि खाली वाकणं होईना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. म्हणाल्या, "तू पाण्याकडची आहेस, तुला जमेल."

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

थंडीभर मासे खाईनात. गोळ्या टाकल्या की सरळ तळाला जायच्या आणि तिथंच भिजून पांढऱ्या पडायच्या. मासे एका कोपऱ्यात गप्प, जणू कुणी रंगवून ठेवलेत. मला वाटायचं, माझा हातच त्यांना कळतो. रात्री नवऱ्याला विचारलं, "माझ्या हाताचा वास येत असेल का रे त्यांना?"

"एवढा साबण घासतेस," तो म्हणाला, "आता तुझी आईपण तुला वासावरून ओळखायची नाही."

काकू मात्र रोज विचारायच्या, "खाल्लं का गं त्यांनी?" मी "थंडी आहे ना काकू" म्हणून वेळ मारून न्यायची आणि भांडी घासता घासता पुन्हा हौदाशी जाऊन यायची.

शिवरात्र सरली आणि उन्हाला जरा धार आली. एका दुपारी मी धुणं वाळत घालत होते तर मागं पाण्यात चप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं. कडुनिंबाचं पान पडलं होतं, एका रोहूनं वर येऊन ते तोंडात घेतलं, चावल्यासारखं केलं आणि थुंकून टाकलं. मी तशीच ओल्या हातानं घरात पळाले, कणकेची गोळी केली, टाकली. खाल्ली! सकाळी ढुंकून न बघणारे मासे भर दुपारी खात होते. मग माझ्या लक्षात आलं की पाणी कोमट झालं की यांचं पोट जागं होतं. मी वेळ बदलली. होळीपर्यंत तर माझ्या पावलांचा आवाज ओळखून सगळे काठाशी जमायला लागले. हौदाच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडायचे, एकमेकांच्या मागे पळायचे, बोटं पाण्यात धरली तर बोटंही चोखायचे. काकू खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "बघ, किती जीव लावलास!" ते ऐकून मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

ती फार टिकली नाही.

चैत्र लागला. कडुनिंबाचा मोहर पाण्यावर पडायला लागला, पाणी हिरवं व्हायला लागलं. नळ इथं आठवड्यानं एकदा येतो तर येतो, त्यामुळं हौद उपसून भरायची गोष्टच नको. आणि एका सकाळी, उजाडताना, मी दार उघडलं तर सगळे मासे वर. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, उघडी. आवाज नाही, पळापळ नाही. मी गोळी टाकली, ती एकाच्या नाकाला लागून खाली गेली. त्यानं पाहिलंही नाही. ऊन चढल्यावर मात्र सगळे पुन्हा खाली गेले आणि दुपारी नेहमीसारखे खाल्ले.

तेव्हा काकूंची ओळी चालू होती. चैत्रातले त्यांचे उपासाचे दिवस, दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, दूध, साखर काहीच न घेता. सोबतीला मालेगावहून त्यांची धाकटी जाऊ आली होती. दोघी पहाटे उठायच्या. जाऊबाईंनी हौदात डोकावलं आणि मला म्हणाल्या, "अगं, हे तर तोंड वासून बसलेत! उपाशी ठेवतेस की काय यांना?"

"दुपारी पोटभर खातात."

"दुपारी! आणि रात्रभर काय करायचं त्यांनी?"

काकूंचा जीव कळवळला. स्वतः उपाशी असलेल्या माणसाला दुसऱ्याचं उघडं तोंड भुकेचंच दिसणार. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कणीक वाढली. देवघरात दर्शनाला कुणी बाई आली की मूठभर टाकून पुण्य घेऊन जायची. आणि जितकी कणीक वाढली तितकी सकाळची तोंडं लवकर वर यायला लागली, उशिरापर्यंत राहायला लागली.

ते तोंड मी ओळखत होते. जाळ्यातून काढून फळीवर टाकलेला मासा तोंड असंच करतो. लहानपणापासून पाहिलेलं. ते खाण्यासाठी उघडलेलं तोंड नसतं. पण हे या घरात कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुला कसं माहीत? मी खोली झाडायची, पुन्हा हौदाशी यायची, कपडे घडी करायची, पुन्हा यायची.

मग एक रोहू उलटा तरंगताना सापडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

काकूंनी त्यांना पांढऱ्या फडक्यात बांधून नदीत सोडायला पाठवलं आणि देवघरात जाऊन बसल्या. जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या, पण आवाज अंगणापर्यंत येईल एवढा ठेवून बोलल्या, "समुद्रकाठच्या बाईच्या हाती मासे दिले आमच्या मोठ्या वहिनींनी! मांजरीला दूध राखायला बसवण्यातली गत. ओळी संपली की मी भाऊजींशी बोलते. गोदामावर दुसरा माणूस मिळेल."

नवरा गोदामात होता. मी हौदाच्या काठाला धरून उभी राहिले. इथून निघायचं तर कुठं? गावाकडे काम नाही आणि इथं ओळख नाही.

"काहून वं, पाण्यात काय पाहून राह्यली एवढं?" भिंतीवरून वैनी. ड्यूटीवरून आत्ताच आलेल्या, अंगावर अजून पांढरी साडी.

"वैनी, मरून राहिलेत हे." माझ्याही तोंडात त्यांची बोली येते घाबरले की.

त्यांनी पलीकडे स्टूल ओढलं, वर चढल्या, वाकून पाहिलं. दिवस ढगाळ होता, त्यामुळं मासे अजून वरच होते. "कव्हापासून?"

"रोज उजाडताना. ऊन आलं की बरे होतात."

"आन् तुमी त्याइले कणीक चारून राह्यले?"

"भूक लागली म्हणतात सगळे."

"अवं बाई, हे भुकेचं तोंड नोहे. आमच्या वार्डात दम लागलेला पेशंट असाच बसते. त्याच्या तोंडात कोनी भाकर कोंबते का? त्याले हवा पाह्यजे. आन् थे कणीक खाली सडून राह्यली, थेच हवा खाऊन राह्यली यांची." त्यांनी कडुनिंबाच्या फांदीकडे पाहिलं. "पानी वरून पाडाव लागन. थांब."

आत गेल्या. खुडबुड ऐकू आली, मग त्यांचा कुलर बंद पडल्याचा आवाज. बाहेर आल्या तेव्हा हातात ओली गळकी मोटर, पाइपासकट.

"वैनी, चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आलीय, तुमच्याकडे पाहुणे येणार, एवढ्या उकाड्यात…"

"येऊ दे न. माणसाले घाम आला तं थो टावेल घेते. मासे काय घेतीन? पकड लवकर, माही साडी भिजून राह्यली."

संध्याकाळी नवऱ्यानं मोटर हौदात सोडली, पाइप कडुनिंबाच्या फांदीला बांधला आणि पाणी उंचावरून पडायला लागलं. काकूंना सांगितलं, पाणी हलतं राहिलं की बरं असतं. त्या हो म्हणाल्या. कणकेचं मात्र माझ्याच्यानं बोलवेना.

दुसरी सकाळ पारण्याची, उपास सुटायची. पाहुण्या बायका येणार होत्या. आणि नेमकी पहाटे लाइट गेली. पाण्याचा आवाज थांबल्यानंच मला जाग आली. बाहेर धावले तर तोंडं वर. मी बादली घेतली, हौदातलंच पाणी भरायची आणि उंचावरून ओतायची, भरायची आणि ओतायची. खांदे भरून आले. तेवढ्यात जाऊबाई कणकेचं ताट घेऊन आल्या, मागं काकू, मागं दोन बायका.

"काय गं, आंघोळ घालतेस का त्यांना? हो बाजूला."

मी बाजूला झाले नाही. कसं झालं कोण जाणे. म्हटलं, "काकू, आज कणीक नका घालू."

"पारण्याच्या दिवशी? मुक्या जिवाला?"

"त्यांना भूक नाही लागलेली. दम लागलाय. मला माहीत आहे." आणि मग थांबता येईना. "आमच्याकडे मासे काढतात, काकू. माझा बाप काढायचा, आई विकायची, मी कापायची. पाण्याबाहेर टाकलेल्या माशाचं तोंड असंच होतं. मी खूप पाहिलंय ते. खायला उघडलेलं तोंड मिटतं. हे मिटत नाही."

जाऊबाईंनी ताट छातीशी धरलं, जणू मी त्याला शिवले. भिंतीपलीकडून वैनींचा आवाज आला, "बरोबर सांगून राह्यली थे, काकू. मी पाह्यलं काल. कणकेनंच होऊन राह्यलं."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "किती वेळ लागतो गं? फळीवर टाकल्यावर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "लहान असला तर लवकर. मोठ्याला वेळ लागतो."

त्यांनी जाऊबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि पदरानं झाकलं. म्हणाल्या, "मग आज त्यांचाही उपास." ताट आत पाठवलं, हौदाच्या कठड्याला धरून, ते दुखरे गुडघे आवळत, खाली बसल्या आणि लोटीनं पाणी घेऊन वरून सोडायला लागल्या. लाइट येईपर्यंत आम्ही दोघी तेच करत होतो. पाहुण्या बायका उभ्याच होत्या. जाऊबाई आत गेल्या, त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मालेगावला परत जाताना शेटजींशीही माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

खोली राहिली. त्यानंतर काकू गोळ्या दुपारीच घालतात, आणि खाऊन संपतील तेवढ्याच. कधी कधी अचानक विचारतात, "तुमच्याकडे पापलेट म्हणतात तो कसा दिसतो गं?" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवतात. मी मात्र अजून उजाडायच्या आधी उठते. दार उघडून आधी पाण्याकडे बघते. वैशाख आहे पुढं, पाणी आणखी तापेल, लाइटचा भरवसा नाही.

जयंती वैनींनी घामातच काढली. काकूंच्या मुलानं वाशिमहून नवी मोटर आणली तेव्हा मी जुनी घासूनपुसून परत केली. तरी वास गेला नसावा, दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवरून ओरडल्या, "अवं, माह्या कुलरातून तुहं कोकन वाहून राह्यलं! पाहुणे इचारतात का बाप्पा आज भाजी कायची?"

परवा त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. मुलीची बारावी झाली आहे, तिलाही नर्सिंगच करायचं आहे, आणि अर्ज भरला आहे तो अलिबागच्या, आमच्या गावाजवळच्या कॉलेजात. "एवढ्या दूर," म्हणाल्या, "तथी कोन हाये वं आपलं?" मला पटकन 'मी आहे' म्हणायचं होतं, पण मी तर इथं.

मी रात्री आईला फोन केला. म्हटलं, एक पोर येईल बहुतेक, वऱ्हाडातली आहे, जेवणात तिखट सढळ हातानं घाल. आई म्हणाली, कोण गं ती? मी म्हटलं, आल्यावर सांगते. नंबर लागला तर तिला पोचवायला मीच जाणार आहे. आईच्या घरी तिची गादी घालून देईन, आमच्या गल्लीतल्या एकेक बाईला सांगून येईन की ही आपली आहे. आणि तिथं नाही लागला, दुसरीकडे कुठं लागला, तरी वैनी, तुमचं हे मी कुठं ना कुठं, कधी ना कधी फेडीनच.