डिंकताईचा शेरा

आधुनिक कलेच्या संग्रहालयात, तळघरात बसून फाटके कागद जोडणाऱ्या बाईला सगळे डिंकताई म्हणत. डिंकाला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. ती वापरायची गव्हाची पातळ खळ, कारण खळ पाण्यानं सुटते आणि जोडलेलं कधीही सोडवता आलं पाहिजे, हा त्या कामाचा पहिला नियम. पण नाव पडलं ते पडलं.

तिची धाकटी बहीण चित्रकार होती. जरा नाव होतंय तोवर छातीच्या दुखण्यानं गेली. इस्पितळातून तिनं आईला जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं पत्रं लिहिली होती, ती ट्रंकेत पडून घड्यांवर फाटली होती. ‘घरात वाळवी लागेल’ असं टुमणं लावून डिंकताईनंच ती आईकडून संग्रहालयाला देवविली. मग एकेक पत्र असं बेमालूम जोडलं की फाटलेलं शोधून सापडू नये, आणि मोठ्या तोऱ्यात शेरा लिहिला: ‘सुस्थितीत’.

तिथंच घात झाला. जुन्या कागदांतून नवी कलाकृती करायला संग्रहालयानं एका कलावंताला बोलावलं. त्यानं नेमकी हीच पत्रं निवडली. ती जमिनीवर मांडायची, वर काचेसारखं घट्ट होणारं रेझिन ओतायचं आणि लोकांनी त्यावरून चालायचं.

“एकदा रेझिन ओतलं की कागद कायमचा गेला, मॅडम,” ती संचालकबाईंना म्हणाली.

“गेला कसा? लोक बघतील तरी. तळघरात कोण बघतंय, झुरळं? आणि स्कॅन आहेत की.”

“माझी बहीण आहे ती. तिच्यावरून बूट घालून चालायचं?”

“ताई, जीर्ण कागद आपण कुणालाच देत नाही. हे जीर्ण आहेत का? तुमचाच शेरा वाचा.”

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं.

आई म्हणाली, “परत आण.”

“दिलेलं परत मिळत नाही गं.”

“मग तू तिथं करतेस तरी काय?”

हे मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिनं पत्रं ओल्या टिपकागदांत ठेवली. खळ सुटेल, पत्रं पुन्हा फाटकी होतील, शेरा बदलता येईल. एरवी कुठल्याही कागदाला पाणी दाखवण्याआधी ती एका अक्षराला ओला कापूस टेकवून रंग सुटतो का ते बघायची. जोडतानाही अक्षरं चुकवून, जवळजवळ कोरड्या ब्रशनं काम केलं होतं. आज बघितलं नाही. घरचीच तर पत्रं, त्यात काय बघायचं! कॉपिंग पेन्सिल पाण्यात विरघळते, हे तिनं कितीतरी जणांना शिकवलं होतं.

टिपकागद उचलला तर खाली नुसते जांभळे ओघळ. एक ओळ धड नाही.

शेरा बदलला: ‘जीर्ण’. कलावंतानं दुसऱ्याच कुणाच्या कागदांवर भागवलं.

“नाही ना दिलीस?” आईनं विचारलं.

“नाही दिली.”

“मग तिचं शेवटचं पत्र तरी मला एकदा आणून दाखव. हातात घेऊ दे.”

डिंकताईनं स्कॅनवरून चांगल्या कागदावर प्रिंट काढला आणि घरी आणला. आईनं तो हातात घेतला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. धाकटी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहायची.

“हे ते नाही,” आई म्हणाली.

“हेच आहे,” डिंकताई म्हणाली. “आता हेच आहे.”