पूजेला बसलेली थोरली

आमच्या रविवारच्या खेळात हत्यारांना नावं द्यायची असतात, आणि तिथंच माणसाची हौस उघडी पडते. खेळ असा: आपण एक काल्पनिक योद्धा व्हायचं, त्याचं हत्यार कागदावर लिहायचं, फासे टाकायचे, आणि चौघांतला एकजण जी गोष्ट रचत जातो तिच्यात लढायचं. वाशिंदच्या माझ्या मैत्रिणीच्या तलवारीचं नाव 'यमाची सासू'. मुरबाडहून मोटारसायकलवर येणाऱ्या मित्रानं भाल्याचं नाव ठेवलं 'पहिली आणि शेवटची सूचना'. ते उच्चारेपर्यंत शत्रू घरी जाऊन जेवून येईल, असं मी त्याला चिडवायचे.

माझ्या कोयतीचं नाव 'थोरली'. ते मी बाबांकडून चोरलं होतं. आटगावच्या आमच्या घरात दोन कोयत्या. त्यातली मोठी ती थोरली. फांद्या तोडायला, कुंपणाच्या काठ्या तासायला बाबांना तीच लागायची, आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. मागच्या वर्षी अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात गेला. जीभ शाबूत राहिली, पण त्यांनी बोलणंच टाकलं. काही विचारलं की भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, माणसांत ठेवा. मी गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा रागानं ताटही आपटलं. बाबा ढिम्म. शेवटी मी आमचा खेळ त्यांच्या खाटेशेजारी पडवीत आणला. आपल्या कोयतीचं नाव ऐकून निदान चिडतील तरी, अशी माझी आशा होती. चिडलेही नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. सकाळी आईनं पाटावर विळे, कुदळ, थोरली मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आमच्याकडे पूजेला बसलेल्या अवजाराला दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावत नाही. हे मला लहानपणापासून माहीत, पण खेळाच्या नादात कुठलं आठवायला! दुपारी गोष्टीत गुहेच्या तोंडाशी गदाधारी राक्षस आडवा आला. मी फासे उचलले आणि म्हणाले, "मी थोरली काढते."

"ठेव ती खाली."

आवाज खाटेवरून आला होता. आम्ही चौघंही तिकडे वळलो.

"पूजेला बसलीय ना गो ती?" बाबा म्हणाले. "आज हात नाय लावायचा."

"बाबा, ही तर कागदावरची आहे," मी कशीबशी म्हणाले.

"नाव तिचंच हाय ना?"

गोष्ट रचणारा आमच्यातला चौथा मित्र बौद्ध घरातला. त्याच्याकडे खंडेनवमी नसते. तो आता हसेल, अशी मला भीती वाटली. तो हसला नाही. "काका, तुमच्या घरात तुमचा नियम," तो म्हणाला. मैत्रिणीनं 'यमाची सासू' लिहिलेला कागद निमूट पाटावर नेऊन ठेवला. भाल्याचा कागदही गेला, माझाही गेला.

"पण काका, आता या राक्षसाचं काय करू?" मित्रानं विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. "त्याला इचार, त्याच्या घरी सण नाय का?"

"आहे की," मित्र लगेच म्हणाला. "त्याच्या आईनं सकाळीच बजावलंय, आज गदा उचललीस तर जेवायला वाढणार नाय."

बाबा हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण आवाज करून हसले. आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

त्या तिघांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कागदावरच्या कोयतीला त्यांनी खरं मानलं, म्हणून माझे बाबा मला परत मिळाले. हे त्यांना बोलून दाखवलं, तर "पुढचा फासा टाक" म्हणतात.

दसऱ्याला सकाळी बाबांनी मला हाक मारली. पाटाजवळ बसून त्यांनी डाव्या हातानं थोरली उचलली, तिच्यावरचा झेंडू बाजूला केला आणि ती माझ्यापुढे धरली.

"मूठ सैल झालीय," ते म्हणाले. "नीट बसवून घे. आता तुलाच चालवायचीय."