काकू म्हणणारा सल्लागार

आधीच सांगून टाकते: आम्ही जिंकलो. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला शेवट झाकून ठेवायची सवय नसते. पहिल्या ओळीत मागणी, खाली कारण, तळाला सभेची जागा. मागणी एवढीच होती की माझ्या आईचा फंड आईच्याच हुकमतीत राहिला पाहिजे. तो राहिला.

आई गणिताची शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा फंड मिळाला, तो तिनं बँकेत ठेवला आणि इथं हैदराबादेत, दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये शिकवत राहिली. मग घसा बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता फळा सोडा. फळा सुटला तशी दरमहा येणारी रक्कमही सुटली. बाबा नाहीत. दादा बंगळुरात. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, सगळं माझ्या खात्यात टाक, मी बघतो." मी माझ्या परीनं म्हणाले, "मी बघते." आईनं दोघांनाही एकच उत्तर दिलं: "मला महिन्याच्या महिन्याला पोरांपुढं हात पसरायचा नाही. मीच बघीन."

आणि मग 'तो' आला. म्हणजे त्याचा आवाज आला.

आईनं मोबाइलवर शेअर बाजाराचा एक मोफत मराठी वर्ग पाहिला होता. शेवटी नंबर मागितला, तिनं दिला. दुसऱ्या दिवशीपासून चहाच्या वेळेला फोन. "नमस्कार काकू! चहा झाला का? आज पाऊस आहे का हो तुमच्याकडे?" असं स्वच्छ, इस्त्री केलेलं मराठी मी आमच्या मलकपेठेच्या घरात टीव्हीशिवाय कधी ऐकलं नव्हतं. आमचं मराठी म्हणजे काय? भाजीवालीशी तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी, शेजाऱ्यांशी दोन्ही मिळून, आणि घरात जे उरेल ते. मी अख्खं वाक्य मराठीत सुरू करते आणि 'नक्को' वर संपवते. आई मात्र त्या भाषेला तहानलेली. तो 'गुंतवणूक' म्हणाला, 'परतावा' म्हणाला, 'आपुलकी' म्हणाला, आणि ती ताठ बसून ऐकायला लागली. चौथ्या-पाचव्या फोनला तर तीच विचारत होती, "जेवलास का रे बाबा?"

"आपला माणूस आहे," फोन ठेवून ती म्हणाली.

"कुणाचा आपला? बघितलंयस का तू त्याला?"

"बोलण्यावरून कळतं की. तुझ्यासारखं 'मैं बोली ना' करत नाही तो."

"आई, भाषा चांगली आहे म्हणून डॉक्टर निवडतेस का तू?"

"हे तू सांगू लागलीस मला? तूच छापलंयस ना, 'मराठी माणूस दिसला की मराठीतच बोला'? गौलीगुड्याच्या छापखान्यातून गठ्ठे आणून या घरात ठेवलेस. पाय ठेवायला जागा नव्हती."

छापलं होतं. शाळेतला मराठी विभाग बंद पडू नये म्हणून आम्ही मोहीम काढली होती, त्यातलं पत्रक. आजही मी त्या ओळीच्या मागे उभी आहे. पण मराठीत बोला म्हटलं होतं, मराठीत लॉगिन द्या असं कुठं म्हटलं होतं? कारण त्याची मजल तिथवर गेली होती. वर्षाची फी भरायची, रोज कुठला शेअर घ्यायचा-विकायचा तो मेसेज येणार. आणि शेवटी साखर पेरलेलं वाक्य: "काकू, तुम्हाला या वयात कशाला त्रास? खात्याचा पासवर्ड द्या, आमची टीमच करेल. परतावा पक्का."

या वयात! माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना अपूर्णांक शिकवले. तिला आकड्यांचा त्रास होईल म्हणे. माझं टाळकं फिरलं ते तिथं. बाईमाणूस, त्यात विधवा, त्यात म्हातारी. म्हणजे हिच्या पैशाला धनी नाही, असा हिशेब मांडून ही माणसं फोन फिरवतात. वर काकू म्हणतात.

मी माझ्या सवयीप्रमाणे पत्रक लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. 'गोड बोलणाऱ्या लुटारूंपासून सावध!' खाली अन्याय, षड्‌यंत्र, जागे व्हा, सगळं. संध्याकाळी बघते तर त्यावर लाल शाईत आईचं अक्षर. 'षड्‌यंत्र' खाली रेघ. समासात शेरा: 'भाषा तावातावाची. पुरावा शून्य. दहापैकी दोन.'

"दोन कशाबद्दल?"

"अक्षर चांगलंय."

मग मी पुराव्याकडे वळले. तिच्या नावानं कंपन्यांचा अभ्यास देणाऱ्या दोन ऑनलाइन सेवा उघडून दिल्या. एक फुकट, त्यात नुसते आकडे: विक्री, नफा, कर्ज. दुसरी पैसे भरून, त्यात प्रत्येक कंपनीवर अभ्यासकांचा अहवाल: ही कंपनी काय करते, तिचं कुठं दुखतं, आम्हाला का आवडते किंवा का नाही. मला वाटलं, आठवडाभर समजावत बसावं लागेल. कसलं काय! दोन दुपारी गेल्या आणि ती मलाच झापायला लागली.

"ही बघ, विक्री वाढली म्हणून नाचू लागलीस. कर्ज बघितलंस का? आणि नफा कागदावर आहे, हातात रोकड आलेलीच नाही. असं पोरगं मी वरच्या वर्गात ढकललं नसतं."

मी आतून फुगले. झालं, जिंकले, आता त्या आवाजाची गरजच काय? आणि त्याच रात्री जेवणाच्या ताटावर आईनं मला खाली आणलं.

"चांगलंय हे. पण हे गाईड आहे."

"म्हणजे?"

"गाईड अख्ख्या वर्गाला एकच असतं. कंपनी कशी आहे ते सांगतं. मी कशी आहे ते त्याला काय ठाऊक? माझं वय, माझा घसा, औषधं, वरच्या खोलीचं भाडं कधी येतं कधी बुडतं. कंपनी चांगली असेल हौ, पण माझ्यासाठी चांगली का? तेवढ्यासाठी मास्तर लागतो. समोर बसून माझीच वही बघणारा." भाताचा घास घेऊन ती पुढं म्हणाली, "आणि तो तर घरबसल्या मिळालाय मला."

मी ताट सोडून उठले नाही एवढंच. माझ्याच शस्त्रानं त्या माणसाची बाजू भक्कम झाली होती. शिवाय ती चूक बोलत नव्हती, याचा राग जास्त. आईनं ठरवूनही टाकलं: सोमवारी फी भरायची.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही तिच्या चष्म्यासाठी दिलसुखनगरला गेलो. निकाल लागून गेले होते. रस्त्यावर मान वर केली की कोचिंगचे फलक: पहिला नंबर, तिसरा नंबर, अकरावा नंबर, रांगेनं पोरांचे चेहरे, एवढे मोठे की दुकानांच्या खिडक्या झाकल्या होत्या. आई एका फलकाखाली थांबली.

"ही पोरगी माझी. माझ्या वर्गात होती."

"मस्त ना!"

"समोर बघ."

समोरच्या इमारतीवर दुसऱ्या सेंटरचा फलक. त्यावरही तीच पोरगी, तेच हसू, तोच नंबर.

"तिथं ती फक्त सराव परीक्षेला बसायला जायची," आई म्हणाली. माणसं धक्के देत होती, एक फेरीवाला "अम्मा, बाजू हो" म्हणून ओरडत होता, आणि ही फलकाकडे बघत उभी. "त्या वर्गात पोरं किती होती, माहितीय? जिना उतरताना चेंगरायची. बाकीच्यांचं काय झालं ते कुठल्याच फलकावर नसतं. पोरांच्या बापांना मी हेच सांगायचे. फलक बघू नका, मागच्या बाकावरच्या पोराला जाऊन विचारा." आणि मग पिशवीतून फोन काढून तिनं त्याचे मेसेज उघडले. रोजचे नफ्याचे फोटो. हिरवे आकडे, टाळ्या, रॉकेट. ती एकेक वर सरकवत गेली. सगळे पहिले नंबर.

"चल घरी," म्हणाली. चष्मा राहिलाच.

सोमवारी चहाच्या वेळेला फोन वाजला. आईनं स्पीकर लावला आणि मला खूण केली: तोंड बंद. माझ्यासाठी ही केवढी शिक्षा होती ते माझे सोबती जाणतात.

"नमस्कार काकू! आज शुभ दिवस आहे बघा. लिंक पाठवू ना?"

"पाठवा हो. त्याआधी दोन शंका." मी कान टवकारले. कालपर्यंत 'जेवलास का' होतं, आज 'पाठवा' झालं होतं. "गेल्या वर्षी तुम्ही जेवढे सल्ले दिले, ते सगळे मला द्या. चुकलेले धरून."

"काकू, मी फोटो पाठवलेत ना नफ्याचे?"

"ते पासांचे. मला नापास पाहिजेत."

तो हसला. "आमच्याकडे नापास होतच नाही कुणी!"

"अस्सं? मग परीक्षाच झालेली नाही." आईचा आवाज वर्गातला, बसलेला घसा असूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "बरं. तुमचा शेअर बाजाराच्या नियामकाकडचा नोंदणी क्रमांक सांगा. लिहून घेते. आणि सल्ला देणाऱ्याला माझा पासवर्ड कशाला लागतो, तेही सांगा."

"क्रमांक... तो ऑफिसमधून पाठवतो. काकू, आपल्या माणसावर विश्वास नाही का तुमचा? परक्या शहरात आपणच एकमेकांना—"

"परकं शहर कुणाला? माझे आजेसासरे इथल्या कचेरीत कारकून होते. आणि माझा सख्खा भाऊ पेपर तपासायला बसला असता ना, तरी मी म्हटलं असतं, उत्तरपत्रिका दाखव."

मग तो बोलला, आणि ते इस्त्रीचं मराठी कुठल्या कुठं गेलं. "मॅडम, टाइम वेस्ट मत कीजिए. लेना है तो लीजिए."

मॅडम! काकूची मॅडम झाली! मी खुर्चीवरून उठून नाचले, खरंच नाचले, हातातला चहा सतरंजीवर सांडला. आईनं शांतपणे फोन बंद केला, नंबर अडवला, आणि मग तीही हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, तरी हसत होती.

"मागं लागून मराठी शिकवलं होतं वाटतं त्याला," ती म्हणाली. "पाठांतर चांगलं होतं. समजून काही नव्हतं."

"मग आता गाईडवरच चालवायचं ना?" मी विजयी मुद्रेनं विचारलं.

"गप बस. मास्तर बदलला म्हणून शाळा सोडतात का?"

तेव्हा मला कळलं की जिंकलेली मी नव्हे, ती आहे. मला तिला एका खांबापासून सोडवून दुसऱ्या खांबाला बांधायचं होतं. तिनं दोन्ही खांब हलवून बघितले आणि ज्याला जे जमतं तेवढं त्याच्याकडून घ्यायचं ठरवलं. अभ्यासाची सेवा तिनं ठेवली, फी भरून. 'मास्तरांची गणितं तपासायला.' आणि मास्तर शोधायला नियामकाच्या संकेतस्थळावर नोंदणी असलेले सल्लागार बघितले, त्यातले ठरावीक फी घेणारे वेगळे काढले, आणि विकलेल्या मालावर दलाली खाणारे सरळ बाजूला टाकले.

मलकपेठेतच एक सापडली. औषधाच्या दुकानावर छोटं ऑफिस, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी तेलुगू मुलगी. मराठीचा गंध नाही. आईचं तेलुगू बाजारापुरतं. सगळं आमच्या हैदराबादी हिंदीत चाललं, आणि बाई, काय चाललं! त्या मुलीनं पहिल्यांदा शेअर हा शब्दच काढला नाही. महिन्याला लागतं किती, आजारपण आलं तर, कुणावर अवलंबून आहात, बाजार पडला तर झोप लागेल का, हेच विचारत बसली. मग म्हणाली, यातला मोठा भाग शेअरमध्ये घालूच नका, येत्या पाच वर्षांच्या खर्चाला लागेल तो तर अजिबात नाही.

आईचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत तिला 'नको' म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

"आप गलत बोले तो?" आईनं विचारलं.

"बोलती मैं. हो चुका है आंटी. दो साल पहले एक फंड बोली थी, नहीं चला. दिखाती मैं." तिनं संगणक वळवून खरंच दाखवला. आई पुढं वाकून, नवा चष्मा सावरत, एका चुकलेल्या सल्ल्याकडे अशी कौतुकानं बघत होती की मला हसू आवरेना. त्यातही तिनं दोन प्रश्न काढले. एकाचं उत्तर पटलं नाही, म्हणाली, हा भाग मी घरी जाऊन वाचते, मग सांगते. मुलगी म्हणाली, "आराम से."

शेवटी फी ठरली. मुलीनं आईची माहिती भरायला घेतली आणि सवयीनं माझ्याकडे वळली. "दीदी, आपका नंबर बोलो. कुछ भी रहे तो आपको फोन करती."

मी तोंड उघडलंही होतं. मोहिमेत माझाच नंबर असतो ना सगळीकडे. पण आईनं पर्स टेबलावर ठेवली, माझ्या आणि त्या संगणकाच्या मधोमध.

"इसका नक्को," ती म्हणाली. "पैसे मेरे. फोन मेरेकोच आना."